छापील आलेख पडद्यावर चिकटवू नका

महोदय,

विज्ञान परिषदेत स्लाइड वाचता आली नाही की दोष प्रोजेक्टरला दिला जातो. खरं कारण बहुधा वेगळंच असतं: शोधनिबंधातला आलेख जसाच्या तसा चिकटवलेला असतो. त्यातली ७-८ पॉइंटची अक्षरं हातातल्या कागदासाठी असतात. पडद्यासाठी तोच आलेख मूळ आकड्यांवरून पुन्हा काढावा. अक्षांवरची अक्षरं किमान १८ पॉइंटची, रेषा जाड, आणि रंगांची सूची कोपऱ्यात न ठेवता प्रत्येक रेषेचं नाव तिच्या टोकाशीच. लाल-हिरव्या जोडीऐवजी निळा-नारिंगी घ्यावा. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसतच नाही. एरर बार (आलेखातल्या बिंदूंवरच्या, अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) प्रमाण विचलनाचे (आकडे किती विखुरलेत) की प्रमाण त्रुटीचे (सरासरी किती नेमकी), हे लिहिलं नाही तर पहिला प्रश्न त्यावरच येतो. यायलाच हवा!

शीर्षकात नुसतं ‘निष्कर्ष’ नको. ‘४५ अंश सेल्सिअसनंतर विकराचा (एन्झाइमचा) वेग घसरतो’ असं पूर्ण विधान हवं, म्हणजे आलेखात काय शोधायचं ते कळतं. दहा मिनिटांना दहा स्लाइड्स पुष्कळ झाल्या. ‘धन्यवाद’ची स्लाइड तर काढूनच टाकावी, प्रश्नोत्तरं चालू असताना पडद्यावर मुख्य आलेख राहू द्यावा.

– एक वाचक