सिंहस्थाचे फोटो फ्लेक्सवर नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2027 चा आपल्या नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय, रामकुंडावर, तपोवनात, त्र्यंबकला कॅमेरेच कॅमेरे फिरणार आणि मग प्रदर्शनं भरणार. ते फोटो कृपया फ्लेक्सवर आणि सनबोर्डवर (फोमच्या हलक्या फळीवर) छापू नका, हे सांगायला आत्ताच लिहितोय, नंतर लिहून काय उपयोग.

मध्यंतरी शहरातल्या एका प्रदर्शनात गोदाआरतीचा फोटो बघितला. टिपलाय अप्रतिम, पण सनबोर्डवर चकचकीत व्हिनाइल चिकटवलेलं, घाटाच्या पायऱ्या सगळ्या काळ्यात बुडालेल्या आणि वरच्या ट्यूबलाइटची रेघ बरोब्बर आरतीवर. कोपरेही उचकटायला लागलेले. ज्याने त्या गर्दीत उभं राहून तो क्षण पकडला त्याची मेहनत शेवटच्या पायरीवर वाया गेली, फार वाईट वाटलं.

हाच फोटो 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे चांगल्या जाड) आसपासच्या कॉटनच्या मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, कागदावर पिगमेंट इंकने (बारीक रंगकणांच्या शाईने) काढून बघा. मॅटवर काळा रंग चकचकीत कागदाइतका गडद येत नाही हे खरंय, पण आधी सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कशी येईल त्याचा स्क्रीनवरचा अंदाज) बघून सावल्या जरा उचलल्या की पायरी न् पायरी सुटी दिसते. डाय इंक (विरघळलेल्या रंगाची शाई) उजेडाने लवकर उडते, पिगमेंट कितीतरी जास्त टिकतं. कागद ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, घ्या, आणि पांढराशुभ्र दिसावा म्हणून ब्राइटनर घातलेला टाळा, तो पुढे पिवळसर पडतो.

"स्क्रीनवर भारी दिसत होता, प्रिंट काळपट आली" ही तक्रार तर रोजची, आणि बहुतेक वेळा दोष प्रिंटरचा नसतोच, स्क्रीनचा ब्राइटनेस फुल असतो. स्क्रीन कॅलिब्रेट करा (रंग आणि उजेड मोजून नीट लावा), ब्राइटनेस चौरस मीटरला 100 कॅन्डेलाच्या (उजेडाचं माप) आसपास आणा, लॅबकडून त्याच कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या, आणि आधी छोटी टेस्ट प्रिंट काढा. खर्च वाढतो, मान्य, पण मोठी प्रिंट फुकट जाण्यापेक्षा परवडलं.

फ्रेमवाल्याकडे मात्र स्वतः उभं राहा. प्रिंट काचेला टेकली की आपल्या पावसाळ्यात दमटपणाने चिकटते आणि सोडवताना शाईसकट थर निघून येतो, म्हणून मध्ये माउंट (प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, तोही ॲसिड-फ्री. सेलोटेप, डबलटेप अजिबात नको, वरच्या कडेला जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या खळीने लावायची. आणि छापल्यावर एक दिवस तरी प्रिंट मोकळी वाळू द्या, नाहीतर काचेवर आतून धुरकट थर धरतो.

आयोजकांना कळकळीची विनंती, शंभर फ्लेक्सऐवजी वीसच प्रिंट लावा पण नीट लावा, खालच्या पट्टीवर कागद आणि शाई कोणती तेही लिहा. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, सिनेमाच्या आधी ते फोटोग्राफी आणि छपाईच करायचे, त्यांच्या जिल्ह्यात एवढी अपेक्षा जास्त नाही. आणि प्रदर्शन संपल्यावर एक संच आपल्या सार्वजनिक वाचनालयाला द्या, सावाना 1840 पासून आहे, तिथे ॲसिड-फ्री बॉक्समध्ये आडव्या ठेवल्या तर पुढच्या सिंहस्थाला काढून बघता येतील.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक