अँटेनाचे गणित उलगडून दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पेण परिसरातल्या कितीतरी घरांवर तुम्ही टीव्हीचे अँटेना उभे केलेत. मला मात्र त्यांच्या रचनेमागचे शास्त्र शिकवलेत. त्याबद्दलचे आभार जाहीरपणे मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

१९८२ नंतर रंगीत संच येऊ लागले, तेव्हा चित्र स्वच्छ असूनही रंग उडतो, आवाज खरखरतो, अशा तक्रारी सुरू झाल्या आणि जो तो जास्त सळ्यांचा अँटेना मागू लागला. तुम्ही मला आधी आकडे लिहायला लावलेत. मुंबई दूरदर्शनचा चॅनल ४ म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. त्यात चित्राची वाहक लहर ६२.२५ वर, रंगाची सुमारे ६६.७ वर आणि आवाजाची ६७.७५ वर. पुढच्या डायरेक्टर सळ्या वाढवून सारे माप चित्राच्या लहरीला जुळवले, तर गेन, म्हणजे समोरून येणारी लहर पकडण्याची ताकद, वाढतो, पण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला अँटेना ढिला पडतो. सात मेगाहर्ट्झची हीच रुंदी १७५ मेगाहर्ट्झला चार टक्के भरते, इथे जवळपास अकरा टक्के; म्हणून खालच्या चॅनलचा अँटेना करणे अधिक अवघड, हे तेव्हा मला कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट कळले. त्यावर तुमचा उपाय जाड नळ्यांचा आणि सळ्यांमधले अंतर जास्त न आवळण्याचा असे.

इम्पिडन्सचा, म्हणजे लहरीच्या विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, धडा तर मी विसरूच शकत नाही; अँटेना आणि वायर यांचा इम्पिडन्स सारखा असणे म्हणजेच जुळणी. साध्या डायपोलचा, म्हणजे मधोमध वायर जोडलेल्या सळीचा, इम्पिडन्स सुमारे ७३ ओहम. नळी दुमडून फोल्डेड डायपोल केला की तो चौपट होऊन टीव्हीकडे जाणाऱ्या चपट्या पट्टी वायरच्या ३०० ओहमजवळ येतो. शेजारी रिफ्लेक्टर (मागची सळी) आणि डायरेक्टर आले की तो पुन्हा खाली उतरतो, आणि सळ्या जितक्या जवळ, तितका अधिक. गेनसाठी सरकवलेली एक सळी बँडविड्थ (अँटेना नीट चालतो ती पट्ट्याची रुंदी) आणि जुळणी दोन्ही बदलते, हे तुम्ही सव्वादोन मीटरच्या त्या नळ्या प्रत्यक्ष सरकवून दाखवलेत. १९२६ साली सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात उदा आणि यागी यांनी मांडलेली ही रचना मला खऱ्या अर्थाने समजली ती तुमच्या गच्चीवर.

पडद्यावर सावली, म्हणजे चित्राशेजारी त्याचीच फिकी दुसरी प्रत, दिसली की तुम्ही फूटपट्टी लावत असा. वीस इंची संचाची सुमारे चाळीस सेंटिमीटरची ओळ ५२ मायक्रोसेकंदांत रेखली जाते. तेव्हा आठ सेंटिमीटरवरची सावली म्हणजे सुमारे तीन किलोमीटरचा वळसा घालून, डोंगरावर आपटून आलेली लहर. ती सावली अँटेनाची दिशा बदलून किंवा एकाच दिशेची लहर अधिक घेणारा अँटेना लावूनच कमी होणार. वीस मीटर केबलच्या दोन्ही टोकांना जुळणी बिघडली, तर सावली दीडेक मिलिमीटरवर पडते. वेगळी दिसतही नाही, फक्त कडा पुसट होतात. तिथे अँटेना बदलून काही होत नाही, ७५ ओहमच्या केबलला बलून, म्हणजे अँटेना आणि केबल यांची जुळणी करणारा छोटा भाग, नीट जोडावा लागतो.

असा बलून जोडून काम भागत असेल, तेव्हा तुम्ही कोणालाही मोठा अँटेना विकला नाहीत. त्यात तुमची कमाई बुडत होती, हे मला आता कळते. माझ्या विद्यार्थ्यांना मी अँटेना शिकवतो तो तुमच्याच क्रमाने: आधी चॅनलची रुंदी, मग जुळणी आणि गेन सर्वांत शेवटी. त्यासाठी मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी