लॅबमधल्या काकांना, उशिराच

काका, नमस्कार. तुम्ही रिटायर झालात तेव्हा मी फील्डवर होते, भेटायचं राहूनच गेलं, म्हणून आता इथे लिहितेय आणि लिंक तुमच्या मुलीला पाठवतेय.

माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला गावच्या तळ्यातला गाळ होता, पाइप ठोकून काढलेला, दोन-दोन सेंटीमीटरवर कापून प्लास्टिकच्या डब्यांत भरलेला. आजूबाजूला सगळा बेसाल्ट, त्यात चुंबकीय खनिजं भरपूर, त्यामुळे थरांवरून जुना पाऊस ओळखायचं माझं गणित सोपं होतं, पाऊस जास्त म्हणजे डोंगरावरची माती जास्त वाहून येणार आणि मीटरवर ससेप्टिबिलिटी, म्हणजे गाळ किती सहज चुंबकित होतो तो आकडा, वर जाणार. आणि एका डबीचं रीडिंग शेजारच्या डब्यांच्या सहापट आलं! मी नाचायचीच बाकी होते. तुम्ही शांतपणे ती डबी कागदावर ओतली, पिशवीत गुंडाळलेलं चुंबक त्यावरून फिरवलं आणि तांदळाच्या कणीएवढा तांबूस पापुद्रा वर आला. माझ्या गंजक्या सुरीचा. तुम्ही ओरडला नाहीत, "प्लास्टिकची सुरी घे, परत भर" एवढंच, आणि दर डबीच्या आधी नि नंतर रिकाम्या सेन्सरचं रीडिंग घ्यायला लावलंत, मीटर तापला की आकडा सरकतो म्हणून.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी. खालच्या काळ्या थरात आकडे धाडकन पडले, मी वहीत "दुष्काळ" लिहून मोकळी. तुम्ही विचारलंत, "काढताना वास कसला येत होता गं?" सडक्या अंड्यांचा. मग सांगितलंत की ऑक्सिजन नसलेल्या गाळात सल्फाइड तयार होतं, त्याचाच तो वास, आणि मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज विरघळत जातं, म्हणजे आकडा गाळ साठल्यानंतर पडलेला असू शकतो, पाऊस कमी होता असं त्यावरून म्हणता येत नाही.

नंतर मी चीनच्या लोएस पठारावरचं काम वाचलं, हेलर आणि लिऊ यांनी १९८० च्या दशकात लुओचुआनला केलेलं. तिथे वाऱ्याने आणलेल्या पिवळ्या धुळीत, म्हणजे लोएसमध्ये, रीडिंग कमी आणि मधल्या तांबूस जुन्या मातीत जास्त, कारण उबदार, ओल्या काळात मातीतच अतिबारीक चुंबकीय कण तयार झाले. अलास्कात मात्र बरोबर उलटं, थंडीतल्या जोरदार वाऱ्याने जड लोहकण आणले म्हणून तिथे धुळीचंच रीडिंग जास्त. वाचताना सारखा तुमचा तो प्रश्न आठवत होता काका.

आता माझ्याबरोबर दोन नवीन मुलं फील्डवर येतात. त्यांच्या वहीत खोली आणि रंगाच्या शेजारी तिसरा रकाना मी आखून दिलाय, वास.