डॅम्परमधले तेल हा मिश्रणावरचा इलाज नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींच्या निगेविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. मात्र, खान्देशातील उन्हाळ्यात एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या (इंजिनासाठी हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या भागाच्या) डॅम्परमध्ये, म्हणजे त्यातल्या पिस्टनची हालचाल तेलाने संथ करणाऱ्या भागात, घट्ट गिअर ऑईल घालावे, हा त्यातील सल्ला बरोबर नाही. याच सल्ल्यापायी माझा एक अख्खा उन्हाळा वाया गेला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वडिलांची ९४८ सीसीची मॉरिस मायनर आमच्याकडे आजही चालती आहे. धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंग घाटात पुढच्या मालट्रकला ओलांडण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती क्षणभर अडखळायची आणि कार्ब्युरेटरमधून फट्‌ असा आवाज यायचा. एका गॅरेजमध्ये डॅम्परात ट्रॅक्टरला वापरतात ते १४० नंबरचे गिअर ऑईल ओतून दिले. अडखळणे थांबले, पण पाय दाबला की मागून काळा धूर निघू लागला आणि गाडी उठायला जड झाली.

एसयूमध्ये पाय दाबताच जादा पेट्रोल सोडणारा वेगळा अ‍ॅक्सिलरेटर पंप नसतो. थ्रॉटल (हवेची झडप) एकदम उघडला की हवेच्या ओढीने कार्ब्युरेटरमधला पिस्टन वर उडू पाहतो. डॅम्परमधले तेल त्याला क्षणभर रोखते, त्यामुळे जेटवरची, म्हणजे पेट्रोल येते त्या बारीक भोकावरची, ओढ वाढून पेट्रोल थोडे जास्त खेचले जाते आणि गाडीला पिकअप मिळतो. तेलाचे काम एवढेच. एका लयीत चाललेल्या गाडीत पिस्टन किती वर राहावा हे हवेचा प्रवाह, पिस्टनचे वजन आणि स्प्रिंग ठरवतात, आणि मिश्रण ठरते ते पिस्टनला लावलेल्या, जेटमध्ये वर-खाली होणाऱ्या सुईवर व जेटच्या उंचीवर. त्यामुळे कायम लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, मिश्रण तेल घट्ट करून सुधारत नाही, दोष फक्त झाकला जातो.

आमच्या गाडीतही तेच झाले होते. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) सांध्यावर ब्रशने थोडे तेल सोडले, तेव्हा इंजिनची चाल लगेच बदलली. म्हणजे गॅस्केटमधून बाहेरची हवा आत शिरत होती. गॅस्केट बदलले, डॅम्पर स्वच्छ करून २० ग्रेडचे साधे इंजिन ऑईल भरले आणि त्यानंतरच जेट वर-खाली करणाऱ्या नटाला हात लावला.

हा क्रम मोडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आधी टॅपेट, पॉइंट, प्लग आणि टायमिंग, मग पिस्टन. तो बोटाने उचलून सोडला की अडथळ्याविना खाली येऊन ‘टक्‌’ असा हलका आवाज झाला पाहिजे. डॅम्परच्या झाकणाला हवेचे भोक असेल, तर तेल पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या तोंडापासून १३ मिमी वर असावे. भोक नसेल तर तेवढेच खाली. इंजिन पुरते तापल्यावर पिस्टन जेमतेम पाऊण मिलीमीटर उचलून पाहावा. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, आहे, इंजिन बंद पडू लागले तर लीन, आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. नट खाली केला की पेट्रोल वाढते, वर केला की कमी होते. मात्र एका वेळी त्याची एकच बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, फिरवावी. जुन्या एमजीसारखे दोन कार्ब्युरेटर असतील, तर रबरी नळी कानाला लावून दोन्हींकडचा हवेचा सूं-सूं आवाज आधी सारखा करावा, मगच मिश्रणाकडे वळावे.

ऊन वाढले की तेल पातळ होते, हे लेखकाचे म्हणणे खरे आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा २०-५० चे इंजिन ऑईल वापरण्यास माझी हरकत नाही. पण तापलेली हवा विरळ असल्याने त्याच दिवसांत मिश्रण आपोआप थोडे रिचकडे झुकते, आणि अशा वेळी डॅम्परात गिअर ऑईल भरणे म्हणजे काळ्या धुराला आमंत्रण. उलट, आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला मिश्रण थोडे रिच लागते. म्हणून जुन्या वहीतल्या आकड्यावर विसंबून न राहता जेट पुन्हा तपासावा. तपासणी दुपारी, गाडी ज्या उन्हात चालणार आहे त्याच उन्हात करावी. पहाटेच्या गारव्यात जमवलेली गाडी घाटात दगा देते.

ज्यांनी लेख वाचून गिअर ऑईल भरले असेल, त्यांनी ते कापडाने टिपून काढावे आणि डॅम्पर पेट्रोलने धुऊन घ्यावा. उन्हाचा कडाका वाढण्याआधी हे पत्र छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, धुळे