स्मृतिवन आणि शेणीच्या शेडसाठी ग्रामस्थांना व परगावच्या गावकऱ्यांना नम्र आवाहन

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि नोकरीधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईत व परदेशात असलेले गावकरी यांस सप्रेम नमस्कार.

होळी तोंडावर आली आहे आणि पावसाळ्याला थोडेच महिने उरले आहेत, म्हणून स्मृतिवनासाठी आणि चितेच्या शेणी (गोवऱ्या) कोरड्या ठेवण्याच्या शेडसाठी हे पत्र घाईने लिहावे लागत आहे. रक्षा पंचगंगेत न सोडता झाडांच्या खड्ड्यांत घालण्याचा पायंडा आपल्या गावाने २०१९ च्या महापुरानंतर पाडला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच; गायरानाच्या माळावरची ती झाडे म्हणजेच आपले स्मृतिवन. त्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये स्मशानशेड पाण्याखाली गेली आणि माळावर, मिळेल त्या उंचवट्यावर अंत्यविधी उरकावे लागले. पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवरून काय निघाले ते गाळ उपसणाऱ्यांनी पाहिले आहे : मयताच्या गाद्या, उश्या, फुटक्या तसबिरी, बांगड्यांच्या काचा, आणि गाठ तशीच ठेवून सोडून दिलेल्या रक्षेच्या प्लास्टिकच्या पिशव्या. नदीचे खरे दुखणे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी हे आहे, याची समितीला पूर्ण जाणीव आहे. परंतु ते थांबवणे आपल्या एकट्याच्या हाती नाही आणि आपली पिशवी थांबवणे मात्र पूर्णपणे आपल्याच हाती होते.

या कामाची सुरुवात मास्तरांनी केली, हे येथे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. त्यांनी आपल्या मातोश्रींची रक्षा गायरानातल्या पहिल्या खड्ड्यात घालून त्यावर करंज लावला, तेव्हा भाऊबंदांत कुजबुज झाली आणि ‘आईला पाणी मिळाले नाही’ असे तोंडावर बोलणारेही निघाले. मास्तर कोणाशी वाद घालत बसले नाहीत. रोज संध्याकाळी सायकलला कॅन अडकवून ते झाडाला पाणी घालत राहिले. आज रक्षाविसर्जनाला आलेली माणसे त्याच करंजाच्या सावलीला टेकतात, आणि त्यांत त्या वेळचे बोलणारेही असतात. खालच्या गल्लीच्या आक्कांनी माळावर जाण्याच्या वाटेसाठी आपल्या शेताची कड सोडली, तीही नुसत्या तोंडी शब्दावर न ठेवता कागद करून दिली. तालमीच्या पोरांनी भर वैशाखात, पहार उसळून परत यावी अशा मुरमात, तीन-तीन फुटी खड्डे काढले. दूध संस्थेने दोन उन्हाळे टँकर दिला. महिला बचत गटाच्या भगिनींनी ‘होळी लहान करा, शेणी दान करा’ म्हणत दारोदार फिरून पोती गोळा केली. लिंगायत समाजाच्या पंचांनी दफनभूमीच्या कडेने बेल लावून घेतले, आणि कब्रस्तानच्या जमातीने पक्क्या बांधकामाऐवजी कच्ची कबर व उशाला एक झाड ही पद्धत स्वतःहून पुढे नेली. विभूती-बेलपत्रासह किंवा साध्या सुती कफनात देह मातीला देण्याची या दोन्ही समाजांची मूळ रीतच निसर्गाला सर्वांत सोसणारी आहे; सिमेंट आणि फरशी ही अलीकडची भर.

नव्याने माळावर येणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. सगळीच्या सगळी रक्षा एका खड्ड्यात ओतून वर रोप लावले, तर ते रोप जगत नाही. रक्षेत चुना आणि स्फुरद असतात, पण ती चांगलीच क्षारयुक्तही असते आणि कोवळी मुळे त्या क्षाराने करपतात. म्हणून निवृत्त कृषी सहायकांच्या सल्ल्यानुसार पूर्ण थंड झालेली रक्षा दोन घमेली घेऊन ती पोयटा माती आणि मुरलेल्या शेणखतात नीट कालवली जाते व खड्ड्याच्या तळाला घातली जाते, आणि उरलेली रक्षा माळावर किंवा घरच्या शेतात पातळ पसरली जाते. रोपे आपल्याच मातीतली लावायची : वर माळाला करंज, कडुनिंब, बहावा, ओढ्याच्या अंगाला जांभूळ, उंबर, अर्जुन. गुलमोहर, निलगिरी घेऊन येऊ नये. ज्यांना अस्थींचा लहान कलश नृसिंहवाडीला संगमावर न्यायचा असेल त्यांनी तो जरूर न्यावा. समिती कोणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही आणि येणारही नाही.

हे खूळ केवळ आपल्याच गावाला लागले आहे असे समजणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की जपानमध्ये एका बौद्ध मंदिराने १९९९ मध्ये वृक्षदफन सुरू केले, आणि जर्मनीत २००१ मध्ये कासेल शहराजवळच्या जंगलात रक्षा विरघळणाऱ्या कलशातून झाडाच्या मुळाशी ठेवण्यास प्रारंभ झाला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने तर २०१९ मध्ये मानवी देहाचे खत करण्यास कायद्याने मान्यता दिली. ही शेवटची बातमी पारावर वाचली गेली तेव्हा हशा पिकला होता. आपल्याला तेवढे लांब जाण्याची गरज नाही. आपल्या कोल्हापुरात शेणीवर दहन करण्याची रीत जुनीच आहे. एका चितेला साधारण तीनशे ते चारशे किलो लाकूड लागते, तेथे शेणीमुळे लाकडाची पुष्कळ बचत होते. अडचण फक्त एक आहे, आणि ती पावसाळ्यात येते. शेणी भिजली की नुसती धुमसते. गेल्या आषाढात एका अंत्यविधीच्या वेळी अखेर कोणीतरी जुना टायर आणून टाकला, आणि त्या काळ्या धुरात उभे राहून मयताच्या मुलीने तोंडाला पदर लावला, ते उपस्थितांपैकी कोणीही विसरलेले नसावे. शेणी कोरडी राहील अशी पत्र्याची शेड असती तर तो प्रसंग आला नसता.

येथे थोडे कटू लिहावे लागत आहे, त्याबद्दल राग मानू नये. गणपतीची वर्गणी आपल्या गावात आठवड्यात जमते आणि डॉल्बीचा आगाऊ रोख भरणा होतो. स्मृतिवनाच्या पावतीपुस्तकाची मात्र निम्मी पाने गेल्या वर्षी कोरी राहिली. पर्यावरण दिनाला रोपासोबत फोटो काढण्यासाठी गर्दी होते, आणि एप्रिलमध्ये पाण्याच्या पाळीला समितीचेच चार-पाच म्हातारे उरतात. आई-वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लावून गेलेले काही सुशिक्षित बांधव त्यानंतर एकदाही फिरकले नाहीत. त्यांची झाडे शेजारच्या झाडांचे पाणी वाचवून आम्ही जगवली आहेत. पाटी नसली तरी चालते, पाणी नसले की चालत नाही. (म्हणूनच यापुढे दगडी पाटीला परवानगी मिळणार नाही, नोंदवहीत नाव व खड्डा क्रमांक राहील.)

आता प्रत्यक्ष गरज. गायरानाच्या उघड्या बाजूला तारेचे कुंपण, पाच हजार लिटरची टाकी व ठिबक, आणि स्मशानशेडपेक्षा उंच जोत्यावर शेणीची पत्रा-शेड, असा एकूण अंदाज ३ लाख ८० हजार रुपयांचा आहे. ग्रामपंचायतीने ठरावाने १ लाख २० हजार देण्याचे मान्य केले आहे, उरलेली रक्कम लोकवर्गणीतून उभी करायची आहे. एका झाडाचे पालकत्व (रोप, संरक्षक जाळी, तीन वर्षांचे पाणी) २,००० रुपये. रोख शक्य नसल्यास पत्रे, अँगल, पाइप, सिमेंटची पोती, ट्रॅक्टरची खेप किंवा दोन दिवसांचे श्रमदान चालेल. शेणीदान होळीच्या दिवशी सकाळी ८ ते सायंकाळी ६ तालमीच्या पटांगणात. देणगी कोषाध्यक्षांकडे किंवा सेवा संस्थेतील समितीच्या खात्यावर द्यावी, पावतीशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत. खाते क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे, परगावच्यांनी तो घरच्यांकडून मागवावा. हिशेब १ मे च्या ग्रामसभेत वाचला जाईल आणि त्याच सभेत उन्हाळ्याच्या उरलेल्या पाण्याच्या पाळ्या गल्लीवार ठरतील, तेव्हा प्रत्येक गल्लीतून किमान दोघांनी हजर राहावे. शेड मृगापूर्वी उभी राहायची असेल तर पत्र्यांची मागणी गुढीपाडव्यापर्यंत नोंदवावी लागेल. तोपर्यंत निम्मी रक्कम हातात आली नाही, तर यंदाही शेणी ताडपत्रीखालीच राहतील.

आपला नम्र,
सचिव, स्मशानभूमी व स्मृतिवन समिती

ता. क. : शेणी पूर्ण वाळलेल्या आणि मोजून आणाव्यात. प्लास्टिकची पोती रिकामी करून परत न्यावीत. मयताच्या गाद्या व कपडे माळावर टाकू नयेत. सुती कपडे धुऊन दिल्यास बचत गट गोधड्यांसाठी घेतो.