वॅट नंतर विचारा, आधी भिंत मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती महिन्यावर आले की तळकोकणातल्या दुकानांत स्पीकरची खरेदी सुरू होते. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला : 'किती वॅटचा?' उत्तरही तयार असते, खोक्यावर हजारांत छापलेला पीएमपीओचा, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचा, आकडा. या आकड्याला कुठल्याही मोजमापाचा आधार नाही, तो सरळ विसरावा. मोठ्या माजघरासाठी बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारा लहान, स्पीकर घ्यायचा असेल तर पहिला प्रश्न असा हवा : स्पीकरची पेटी कुठे बसणार, आणि तिच्या मागची भिंत किती लांब?

आपल्या घरांत जागा ऐसपैस असते, मोकळी भिंत मात्र नसते. 24 बाय 16 फुटांचे माजघर घ्या. एका बाजूला ओटीचे दार, समोर स्वयंपाकघराचे, तिसऱ्या भिंतीत देवघर आणि बाळंतिणीची खोली, मध्ये झोपाळा. उरलेली भिंत गणपतीची. वर माटवी (गणपतीवर बांधायची लाकडी चौकट) बांधली की तिथे दुसरे काही ठेवायची सोय नाही. भिंतीपासून तीन फूट पुढे, स्टँडवर, हा सगळीकडे वाचायला मिळणारा सल्ला इथे पाळला तर पहिल्या आरतीलाच कुणीतरी पेटी आडवी करील. म्हणून स्पीकर जातो फडताळावर, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा कोनाड्यात. म्हणजे भिंतीलगत.

भिंतीलगत दोन गोष्टी होतात. खालचे सूर पेटीच्या चहूबाजूंना पसरतात, ते मागच्या भिंतीवरून परत येतात आणि बास जास्तीत जास्त 6 डेसिबलने वाढतो. कोपऱ्यात त्याहून जास्त. मोकळ्यावर ठेवण्यासाठी जुळवलेला स्पीकर मग घुमू लागतो, पखवाजाची धूम सुटी राहत नाही. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. परत येणारा सूर उशिरा येतो, आणि पेटीची पुढची बाजू भिंतीपासून पाव तरंगलांबीवर असेल तर तो मूळ सुराला खोडून टाकतो. हिशेब सोपा आहे : 345 ला मीटरमधल्या अंतराच्या चौपटीने भागा. 1 मीटरवर खड्डा पडतो 86 हर्ट्झला, 60 सेंमीवर 144 ला, 30 सेंमीवर 288 च्या आसपास. अर्धा ते एक मीटर हे अंतर सर्वांत वाईट, कारण खड्डा नेमका पुरुषाच्या आवाजाच्या तळात पडतो. एक तर पेटी खूप पुढे आणा, नाहीतर भिंतीला चिकटवा. मधला मार्ग इथे उपयोगाचा नाही. चिकटवली की खड्डा वर सरकतो आणि उथळही होतो, कारण वरचे सूर पेटीच्या मागे कमी जातात.

याच हिशेबाने जुन्या चिरेबंदी घरातला कोनाडा ही मोलाची जागा ठरते. पेटीची पुढची बाजू भिंतीच्या पृष्ठभागाशी समतल बसली तर मागून परत येणारा सूरच उरत नाही. मात्र नुसती पेटी आत ढकलली तर आजूबाजूची पोकळी माठासारखी बोलते. बाजूच्या आणि वरच्या फटींत जुन्या गादीचा कापूस किंवा जाड कापड भरा. पुढून जाळीदार कापड लावले तर कळतही नाही. मापे आधी घ्या : साडेसहा इंची वूफरची (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या पडद्याची) पेटी साधारण 20 सेंमी रुंद, 33 ते 36 उंच आणि 27 ते 30 खोल असते, शिवाय मागच्या वायरीला 4-5 सेंमी लागतात. कोनाडा उथळ असेल तर पेटी बाहेर डोकावेल; तेवढे चालते. आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले, विजेवर चालणारे स्पीकर मात्र कोनाड्यात कोंबू नयेत. त्यांची पाठ तापते, तिला हवा लागते.

पेटीला बाससाठी ठेवलेले भोक, म्हणजे पोर्ट, आहे का आणि कुठे, हे दुकानात उलटवून पाहा. मागे पोर्ट असलेली पेटी कोनाड्यात घालू नये. फडताळावर ठेवायची तर मागे किमान 10 ते 15 सेंमी सोडावेत. पुढे पोर्ट असलेली चालते, पूर्ण बंद पेटी सर्वांत उत्तम. सूर खाली जाताना बंद पेटीचा बास लवकर उतरू लागतो पण सावकाश, सप्तकाला 12 डेसिबलने. पोर्टवाल्याचा 24 ने कोसळतो. त्या सावकाश उताराला भिंत हात देते आणि हिशेब जुळतो. 1954 साली अमेरिकेत एआर-1 ही बंद पेटी आली तेव्हापासून लहान पेटीतून खोल बास काढणे शक्य झाले, ते पेटीत कोंडलेल्या हवेचा स्प्रिंगसारखा वापर करून. मागचा पोर्ट असलेला स्पीकर घरात आधीच असेल तर फोमचा बोळा लावून तो बंद करता येतो. केईएफ एलएस50 मेटासारख्या काही स्पीकरबरोबर हे बोळे मिळतात. आपल्याकडे बंद पेटीचा आणखी एक फायदा : कुंभारीण माशी पोर्टमध्ये मातीचे घर करत नाही.

आता आवाजाचा प्रश्न. खोक्यावर 'सेन्सिटिव्हिटी' शोधा. 1 वॅटला 1 मीटरवर 86 डेसिबल देणारा स्पीकर 4 मीटरवर, मोकळ्यात, 74 देतो. अंतर दुप्पट झाले की 6 वजा. दोन स्पीकरचे 3 आणि खोलीचे साधारण 3 मिळवा, झाले 80. तबल्याची थाप क्षणभर 100 वर न्यायची तर आणखी 20 हवेत, म्हणजे प्रत्येक पेटीला 100 वॅट. तोच स्पीकर 90 चा असेल तर 40 वॅटमध्ये भागते. चार ओहमच्या स्पीकरवर '2.83 व्होल्टला' असे लिहिलेले असेल तर तिथे प्रत्यक्षात 2 वॅट जात असतात, त्यातून 3 डेसिबल कमी करून तुलना करावी. बीबीसीने 1970 च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेल्या एलएस3/5ए या छोट्या बंद पेटीचे आजही गोडवे गायले जातात. मानवी आवाजासाठी ते रास्तच. पण 82-83 डेसिबलची ती पेटी हाताच्या अंतरावरून ऐकण्यासाठी आहे. झोपाळ्यावर बसून 15 फुटांवरून ऐकण्यासाठी नव्हे.

अख्खे माजघर भरण्याचा हट्टही सोडावा. बसण्याची जागा अडीच-तीन मीटरवर आणली आणि दोन पेट्यांत दोन-सव्वादोन मीटर ठेवले तर साधा अ‍ॅम्प्लिफायरही पुरतो. ट्विटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीवर हवा : खुर्चीवर बसणाऱ्यासाठी 95 ते 100 सेंमी, सतरंजीवर बसणाऱ्यासाठी 75-80. पेटी सहा फुटांवरच्या फळीवरच जाणार असेल तर ती उलटी ठेवा, ट्विटर खाली येईल, आणि मागे रबराची पट्टी देऊन पुढे झुकवा. आडवी कधीही ठेवू नये. जरा सरकून बसले तरी आवाजाचा पोत बदलतो. फळीवर पेटी काठापर्यंत पुढे आणावी. दोन कोनाडे बसण्याच्या जागेपासून सारख्या अंतरावर नसतील तर रिसीव्हरमध्ये (होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) प्रत्येक स्पीकरचे अंतर भरता येते. 35 सेंमीचा फरक म्हणजे सुमारे 1 मिलिसेकंद.

खोल बास मात्र लहान पेटीकडून मागू नये. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी वूफरला चौपट हलावे लागते. मोठ्या खोलीत 10 किंवा 12 इंची सबवूफर, म्हणजे फक्त खोल बाससाठीची वेगळी पेटी, घ्या आणि 80 हर्ट्झला विभागणी करा : खालचे सूर सबकडे, वरचे लहान पेट्यांकडे. अ‍ॅम्प्लिफायर लहान पेट्यांकडचा 80 च्या खालचा भाग खरोखर काढून घेतो का, हे विचारून घ्या. बऱ्याच साध्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरना सबची नुसती तार असते आणि पेट्यांचे ओझे तसेच राहते. सब कुठे ठेवायचा? तो आधी बसण्याच्या जागेवर ठेवा, बासचे सूर पायरीपायरीने वरखाली जातात असे गाणे लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सब. दिसायला विनोदी, पण याहून चांगला उपाय नाही. कौलारू घरात बास वाशांमधून निसटतो, त्यामुळे सब थोडा जास्त लागतो; स्लॅबच्या बंगल्यात उलट. तिथे टाळी वाजवून पाहा, झिणझिण परत आली तर सतरंजी आणि जाड पडदे आधी, नवा स्पीकर नंतर.

जांभ्यात नेहमीची प्लास्टिकची गिट्टी ढिली पडते. सहा-सात किलोची पेटी भिंतीवर टांगायची तर लांब अँकर, किंवा खांबाला पक्की केलेली फणसाची फळी. वायरीवर पैसे उधळू नका : 10 मीटरपर्यंत 8 ओहमला दीड चौरस मिमीची साधी तांब्याची दुपदरी वायर पुरते, 4 ओहमला अडीचची घ्या. खाऱ्या हवेत उघडे तांबे हिरवे पडते, म्हणून टोके दर पावसाळ्यानंतर कापून नव्याने सोलावीत. फोमच्या कडेचा वूफर दमट हवेत विरतो, रबराची कड मागून घ्यावी. एका पेटीला वायरीचे लाल-काळे उलटे लागले तर बास गायब होतो. तपासायला बातम्या लावा : निवेदकाचा आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मधून यायला हवा.

आणि भजनी मंडळाचा माईक या स्पीकरना जोडू नका. माईक खाली पडला किंवा शिट्टी मारू लागला की पहिला जातो तो ट्विटर. भजनासाठी 12 इंची पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला) स्पीकर चार दिवस भाड्याने आणावा.

— एक वाचक, सावंतवाडी