गाडी विकल्यानंतरची कामं

नांदेड

चि. रेणू हिस अनेक आशीर्वाद.

ऑल्टो 85 हजारांत गेली, भाव बरा आला. पण पैसे मोजून घेतले म्हणजे गाडी अंगावरून उतरली, असं नसतं बाई. आरटीओच्या दप्तरी तुझं नाव आहे तोवर कायद्यानं मालक तूच. गाडी घेणारा तो कंधारचा माणूस उद्या कुणाला धडकला आणि विमा संपलेला निघाला, तर भरपाईची नोटीस तुझ्या दारात. 2018 साली सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार खटल्यात हेच ठरवलं. गाडी पुढं चार हात फिरली तरी जबाबदार नोंदीतला मालकच.

फॉर्म 29 ही विकणाऱ्याची सूचना, दोन प्रती. फॉर्म 30 हा मालकाचं नाव बदलण्याचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या. एजंट पेन्सिलीनं फुल्या मारून देतो आणि ‘ताई, इथं फक्त सह्या करा’ म्हणतो. कोऱ्या फॉर्मवर सही करू नको. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख तुझ्यासमोर पेनानं भरून घे. नाव कोरं राहिलं की गाडी नावावर न होताच या एजंटाकडून त्या एजंटाकडं विकली जाते, अन् चलान तुझ्या मोबाइलवर येतात. सूचना आरटीओला 14 दिवसांत द्यायची, ती दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडू नको. पुढं गाडी भैंसा किंवा बिदरच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे दुसऱ्या राज्यात जायची असली, तर फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, लागते.

ताबा दिल्याची चिठ्ठी केली नसशील तर आजच कर. तारखेबरोबर वेळही लिही, कारण कॅमेऱ्याच्या चलानावर मिनिटापर्यंत वेळ असते. किलोमीटर रीडिंग, चॅसिस नंबर, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स. रेडिएटर झिरपतो, तिसरा गिअर टाकताना खरखरतो, हेही लिहून खाली त्याची सही घे. स्वस्त गाडीत दोष असायचेच, लपवले की भांडण.

फास्टॅग काचेवरून खरवडलास, पण बँकेला सांगून बंद केलास का? नुसता काढून भागत नाही. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुझा आहे, गाडीचा नाही. कंपनीकडून पत्र घेऊन ठेव, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लागू होतो.

महिनाभरानं परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बघ. बदललं नसलं तर मला फोन कर, मी कंधारला जाऊन येतो.

तुझे बाबा